समुद्राची गोगलगाय सह्याद्रीच्या कड्यावर

भोर गांव मागें टाकून नीरेच्या कांठानें पश्चिमेस निघालें कीं रस्ता हळूहळू चढत वरंधा घाटाच्या माथ्याशीं येतो आणि तेथें देश एकाएकीं संपतो. खालीं दिसतें तें कोंकण. शेजारच्या वेल्हे तालुक्यांत, ज्याला राजगड हें नांव देण्याचें राज्य मंत्रिमंडळानें २०२४ मध्यें ठरविलें, केळद गांवापुढील मढे घाटावर उभें राहिलें तरी हाच प्रकार दृष्टीस पडतो. एका पावलावर पठार आणि दुसऱ्या पावलावर कडा. आषाढ-श्रावणांत या कड्यांवरून सहस्र धारा कोसळतात. येणारा-जाणारा त्या धारा डोळे भरून पाहतो. परंतु धारांच्या दोहों अंगांस जो काळा पाषाण नुसता ओलाचिंब असतो, ज्यावरून पाणी कागदाएवढ्या पातळ थरानें ओघळत असतें, त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं.

खंडाळ्यापासून महाबळेश्वरापर्यंतच्या घाटांत अशा ओल्या पाषाणावर एक गोगलगाय राहते. भोर-वेल्ह्याचे कडे या पट्ट्याच्या मध्यभागीं येतात. ही गोगलगाय हरभऱ्याच्या दाण्याहून फार मोठी नव्हे. शंखाला ना चमक ना रंग. खडकावर बसली कीं खडकांतच जमा. बागेंतल्या गोगलगायीसारखी ती भाजीपाला खात नाहीं कीं कोणाच्या वाटेस जात नाहीं. मग तिची एवढी वास्तपुस्त कशासाठीं? तर तिच्या कुळासाठीं. हर्णै-रत्नागिरीच्या खडकांवर, सुवर्णदुर्गाच्या आणि सिंधुदुर्गाच्या पायथ्याशीं, भरतीच्या रेषेवर ज्या चिमुकल्या गोगलगायी दगडाला चिकटून बसलेल्या असतात, त्यांच्या कुळांतील ती आहे. हें सारें कुळ समुद्राचें. त्यांतील केवळ गोड्या पाण्यावर जगणारा असा हा एकच वंश, आणि तोही साऱ्या जगांत सह्याद्रीवांचून अन्यत्र नाहीं. जलदुर्गाच्या पायथ्याचें बिऱ्हाड गिरिदुर्गाच्या कड्यावर कसें आलें, असें हें कोडें आहे. तें सोडवितांना जो इतिहास घडला, त्यांत एक शब्द पुन्हां पुन्हां पुढें येतो. तो शब्द म्हणजे प्राणवायु.

इतिहासाचा आरंभ दोन भावांपासून होतो. १८५५ सालीं विल्यम व हेन्री ब्लॅनफर्ड हे दोघे बंधु हिंदुस्थानच्या भूगर्भ-संशोधन खात्यांत नोकरीस लागले. विल्यम यांचें काम खडकांचें. पण डोंगर चढतां चढतां जें जें हालतांना दिसेल तें तें उचलून पाहण्याची त्यांना हौस होती. पश्चिम घाटाच्या कड्यांवर त्यांना ही गोगलगाय सांपडली आणि १८६३ मध्यें तिचें वर्णन त्यांनीं लंडनच्या एका शास्त्रीय मासिकांत छापलें. तिला त्यांनीं ‘क्रेम्नोबेटिस’, म्हणजे कड्यावर चालणारी, असें नांव दिलें आणि पुढें ‘सह्याद्रेन्सिस’ हें सह्याद्रीचें उपपद जोडलें. नंतर ध्यानांत आलें कीं पहिलें नांव एका माशाला आधींच देऊन झालें आहे! शास्त्रांत एका नांवाचे दोन धनी चालत नाहींत. म्हणून १८६९ मध्यें ‘क्रेम्नोकाँकस’, म्हणजे कड्यावरचा शंख, असें तिचें पुन्हां बारसें झालें.

त्या काळच्या कांहीं भूशास्त्रज्ञांना सह्याद्रीचा हा सरळ तुटलेला कडा समुद्राच्या लाटांनीं तासलेला वाटे. आपल्याकडे तर परशुरामानें बाण मारून समुद्र मागें हटविला आणि कोंकण निर्माण केलें ही कथा घरोघरीं ठाऊक. तेव्हां मागें हटलेल्या समुद्रानें आपली एक गोगलगाय कड्यावर विसरून ठेविली, अशी कल्पना कोणाच्याहि मनांत सहज येईल. कल्पना गोड आहे, पण ती तितकी सोपी नाहीं. दख्खनचा लाव्हारस सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींचा. त्यानंतर थोड्याच अवधींत, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबानें थोड्या, सेशेल्स बेटांचा भूभाग पश्चिम किनाऱ्यापासून तुटून गेला. कडा त्या भंगामुळें उत्पन्न झाला आणि पाऊस व नद्या यांनीं तो झिजवीत झिजवीत पूर्वेस सरकविला. समुद्राच्या लाटा घाटमाथ्याला लागत होत्या असें मानण्यास आधार नाहीं. गोगलगाय आली ती स्वतःच्या पायानें आली असली पाहिजे. आणि गोगलगायीला पाय एकच असतो.

पुढचें काम अंतर्रचना तपासण्याचें होतें. कलकत्त्याच्या प्राणिसंशोधन खात्यांतील बैनी प्रसाद यांनीं १९२५ मध्यें या गोगलगायीची शरीररचना व राहणी यांवर विस्तृत निबंध लिहिला. १९३५ मध्यें लिंके या जर्मन पंडितानें तिच्या प्रजननेंद्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. समुद्राच्या कुळाशीं तिचें नातें दृढ ठरलें. मग कित्येक वर्षें हा विषय जवळजवळ पडून राहिला. २०१३ मध्यें लंडनचे रीड आणि कर्नाटकांतील अरविंद व मध्यस्थ या त्रयीनें तो पुन्हां हातीं घेतला. महाराष्ट्रांतील तीन जाति एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होत्या. त्यांत कर्नाटकच्या घाटांतील सहा नव्या जातींची त्यांनीं भर घातली. त्यांतील एकीस हनुमंताचें नांव दिलें आहे, तें वाचून भाविकांस संतोष वाटेल. या सर्व जाति समुद्रसपाटीपासून सुमारें तीनशें ते चौदाशें मीटर उंचीवर आढळतात. तोरण्याचा माथा चौदाशें तीन मीटर आहे, यावरून या चढाईचा अंदाज यावा.

परंतु डोंगर चढण्याचें खरें मोल मोठ्या गोगलगायीनें दिलें नाहीं. तें तिच्या पिलानें दिलें.

समुद्रांतील बहुतेक गोगलगायींचें बाळपण मोठें चमत्कारिक असतें. अंड्यांतून बाहेर येतें तें गोगलगायीसारखें दिसतच नाहीं. मिलिमीटरचा एखादा अंश एवढा तो जीव. पाठीवर काचेसारखा पारदर्शक शंख आणि तोंडाशीं फुलाच्या पाकळ्यांसारख्या दोन पाळी. पाळींच्या कडेला अतिसूक्ष्म रोमांची झालर असते. ते रोम अखंड हालतात आणि त्यांच्या वल्हवण्यानें हा जीव पाण्यांत तरंगत फिरतो. याला शास्त्रांत डिंभ म्हणतात. कित्येक जातींचे डिंभ आठवडेच्या आठवडे प्रवाहांबरोबर भटकतात, पाण्यांतील सूक्ष्म वनस्पति खातात, आणि योग्य जागा लाभली कीं तळाशीं उतरून पाळी टाकून देतात. त्या घटकेपासून ते सरपटणारी गोगलगाय होतात. हर्णैच्या खडकावरची गोगलगाय जन्मास हर्णैलाच आली असेल असें नाहीं. तिचें बाळपण कोणत्या बंदरासमोर गेलें हें सांगणें कठिण.

आतां हा डिंभ कड्यावर आणून पाहावा. कागदाएवढ्या जाडीच्या पाण्यांत तो पोहणार कोठें? आणि पोहला तर पहिल्याच सरीबरोबर खालच्या दरींत. म्हणून कड्यावरच्या गोगलगायीनें डिंभाची अवस्थाच सोडून दिली. तिचें अंडें मोठें असतें. पोहण्याच्या दिवसांत जें कांहीं व्हावयाचें तें सर्व त्या अंड्यांतच उरकतें आणि बाहेर पडतें तें आईच्याच आकाराचें, सरपटणारें पिलूं.

येथें श्वासाचा प्रश्न येतो. एक लिटर हवेंत प्राणवायु सुमारें २७० मिलिग्रॅम असतो. तितक्याच गोड्या पाण्यांत, पंचवीस अंश उष्णतेला, तो पुरता मुरला तरी आठ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि उबदार समुद्राच्या पाण्यांत सहाच्या थोडा वर. म्हणजे पाण्यांत राहणाऱ्या जीवाचा संसार मुळांतच काटकसरीचा. हजार मीटर उंचीवर हवा विरळ झाल्यामुळें त्यांतून आणखी एक दशांश वजा करावा लागतो. असें असूनहि कड्यावरच्या अंड्याला श्वासाची ददात नाहीं. पाण्याचा थर पातळ, तो सतत वाहता, आणि हवेशीं त्याचा स्पर्श अखंड. जेवढा प्राणवायु खर्च होईल तेवढा दुसऱ्या क्षणीं भरून निघतो.

समुद्रांत तसें नाहीं. तेथें टंचाईला अंड्यांतच आरंभ होतो. अनेक गोगलगायी आपलीं अंडीं चिकट गोळ्यांत किंवा चिवट पिशव्यांत घालतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रिचर्ड स्ट्रॅथमन व त्यांचे सहकारी यांनीं १९८४ मध्यें व पुढें १९९६ मध्यें या गोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोळा जाड असेल तर कडेचे गर्भ लवकर वाढतात आणि मधले मागें पडतात. कारण बाहेरून झिरपत येणारा प्राणवायु वाटेंतच कडेचीं भावंडें खर्च करून टाकतात, मधल्यांपर्यंत फारच थोडा पोंचतो. गोगलगायीला गोळा हवा तेवढा मोठा करतां येत नाहीं याचें एक कारण हें आहे. बाहेरच्या पाण्यांतच प्राणवायु उणा असला तर मधल्या गर्भांची काय स्थिति होत असेल तें सांगावयास नको.

अंड्यांतून सुटलेल्या डिंभाला कल्ले नसतात. कातडींतून जें शिरेल त्यावर त्याचा निर्वाह, आणि रोमांचें वल्हविणें तर अहोरात्र चालू. प्राणवायु कमी झाला कीं पहिली मंदावते ती ही झालर. झालर मंदावली कीं दोन गोष्टी एकदम घडतात. पोहणें थांबून डिंभ खालीं बसूं लागतो, आणि तीच झालर अन्न ओढून आणीत असल्यामुळें खाणेंहि थांबतें. पुष्कळ डिंभ अशा वेळीं पाळी आंत ओढून शंख मिटून घेतात. हा उपाय घटकाभराचा. कारण खालीं बसावें तर खालीं प्राणवायु आणखीच कमी. हाँगकाँग येथें गेल्या कांहीं दशकांत समुद्री गोगलगायींच्या गर्भांवर व डिंभांवर प्रयोग झाले आहेत. त्यांत दिसलें तें असें कीं कमी प्राणवायूंत गर्भाची वाढ लांबते, अंडें फुटण्यास उशीर लागतो, आणि डिंभ सावकाश वाढून तळाशीं उतरण्यास विलंब करतो. एका लिटरमध्यें दोन मिलिग्रॅमच्या खालीं प्राणवायु गेला कीं तें पाणी शास्त्रज्ञ गुदमरतें समजतात. परंतु कित्येक नाजुक जातींना त्याच्या बऱ्याच आधीं झळ पोंचते. येथें एक गोष्ट विसरूं नये. डिंभ प्रत्येक वेळीं गुदमरून मरतोच असें नाहीं. वाढ लांबली म्हणजे उघड्या पाण्यांतले त्याचे दिवस वाढले, आणि दिवस वाढले म्हणजे कोणाच्या तरी तोंडीं पडण्याचा संभव वाढला. मृत्यूच्या नोंदींत प्राणवायूचें नांव येत नाहीं इतकेंच.

हें गुदमरतें पाणी कोठें दूरदेशीं नाहीं. तें आपल्याच पश्चिमेच्या समुद्रांत आहे. पाण्यांतील प्राणवायु अचूक मोजण्याची सोपी रीत हंगेरीच्या विंक्लर यांनीं १८८८ मध्यें शोधून काढली, आणि त्यानंतर समुद्राच्या श्वासाचा नकाशा तयार होऊं लागला. १९३३-३४ मध्यें ‘मबाहिस’ हें इजिप्तचें जहाज अरबी समुद्रांत फिरलें. मोहिमेचे प्रमुख होते सेमूर सेवेल, म्हणजे प्राणिसंशोधन खात्याचे पूर्वीचे संचालक. जहाजावरील मंडळींना पृष्ठभागाखालीं कांहीं शें मीटरांपासून हजार मीटरांच्याहि खालपर्यंत पसरलेला असा एक प्रचंड थर आढळला, कीं ज्यांत प्राणवायु जवळजवळ नाहींच. अरबस्तानच्या बाजूस कांहीं ठिकाणीं तळाचा चिखल वर काढला तर त्याला सडक्या अंड्यांची दुर्गंधि, आणि त्यांत जीवजंतूंचा मागमूस नाहीं.

तो थर खोल समुद्रांत राहिला असता तर किनाऱ्यावरच्या गोगलगायीस त्याचें काय होतें? पण तो तेथेंच राहत नाहीं. १९५९ मध्यें ‘नेचर’ या साप्ताहिकांत कॅरदर्स, गोगटे, नायडू व लेव्हास्टु या चौघांचा लेख आला. हा कमी प्राणवायूचा थर मुंबईसमोर उतारावरून वर किनाऱ्याकडे सरकत येतो आणि मासळीच्या धंद्यावर त्याचा परिणाम होतो, असें त्यांनीं दाखविलें. पुढें १९६६ मध्यें राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली व गोव्यास दोना पावला येथें वाढली. संस्थेचे नक्वी व त्यांचे सहकारी यांनीं २००० सालीं ‘नेचर’मध्येंच जें मांडलें तें याहून गंभीर होतें. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून पश्चिम किनाऱ्याच्या उथळ समुद्रावर हें गुदमरतें पाणी दरवर्षीं पसरतें. त्याचें क्षेत्र सुमारें एक लक्ष ऐशीं हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक. उथळ समुद्रावरील असें निसर्गनिर्मित क्षेत्र जगांत याएवढें दुसरें नाहीं. कांहीं ठिकाणीं प्राणवायु पार संपून तळाशीं तोच सडक्या अंड्यांचा वायु उत्पन्न होतो.

आणि याचें कारण? पाऊस! नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत किनाऱ्याजवळ खालचें पाणी वर येतें. तें प्राणवायूनें दरिद्री, पण खतानें समृद्ध. वर येऊन हवेशीं त्याची गांठ पडती तर त्याची तूट भरून निघाली असती. परंतु त्याच सुमारास सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर पडलेला पाऊस नद्यांतून येऊन समुद्रावर हलक्या, गोड्या पाण्याचा कांहीं मीटर जाडीचा थर पसरतो. हा थर झांकणासारखा बसतो. हवा वर, भुकेलें पाणी खालीं, आणि मध्यें झांकण. खतामुळें वनस्पति माजतात, मरतात, कुजतात आणि उरलासुरला प्राणवायु खाऊन टाकतात. गेल्या कांहीं दशकांत शेतीचीं खतें व शहरांचें सांडपाणी नद्यांवाटे समुद्रास मिळूं लागल्यानें या कुजण्यास अधिक इंधन मिळतें, असें नक्वी यांच्या लेखांत सुचविलें होतें. एकंदर महासागरांचा प्राणवायूहि १९६० नंतर सुमारें दोन टक्क्यांनीं घटला आहे. पाणी तापलें कीं त्यांत वायु कमी मुरतो हें त्याचें एक कारण होय.

भोर-वेल्ह्याच्या पावसाचा या झांकणांत वांटा किती, हेंहि पाहण्यासारखें आहे. नीरा, गुंजवणी, कानंदी यांचें पाणी भीमेंतून व कृष्णेंतून पूर्व समुद्रास जातें. आंबी व मोसे मुठेला मिळून अखेर भीमेसच भेटतात. पश्चिमेच्या समुद्रास जातें तें केवळ कड्यावरून सावित्रीच्या खोऱ्यांत कोसळणारें पाणी. म्हणजे माथ्यावर हातभर इकडे पडलेला थेंब एका समुद्राचा आणि हातभर तिकडे पडलेला दुसऱ्याचा. मात्र जो थेंब कड्याच्या पाषाणावरून ओघळतो, तो प्रथम त्या गोगलगायीच्या अंड्याला श्वास देतो आणि मग बाणकोटच्या खाडींतून समुद्रास मिळून तिच्याच भाऊबंदांच्या डिंभांवर झांकण घालावयास हातभार लावतो. विल्यम ब्लॅनफर्ड यांनीं गोगलगाय शोधली. त्यांचे बंधु हेन्री १८७५ मध्यें हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख झाले आणि पावसाचें कोडें सोडविण्यांत त्यांनीं आयुष्य वेंचलें. दोन भावांचे दोन विषय असे एका कड्यावर एकत्र यावेत हा योग विलक्षण खरा.

तेव्हां कड्यावरची गोगलगाय सुखी आणि समुद्रांतली दुःखी, असा निवाडा करण्याचा मोह होतो. तो पुरता बरोबर नाहीं. डिंभ हें जोखमीचें बाळपण आहे, पण तेंच या मंदगति प्राण्याचें वाहनहि आहे. एखाद्या साली मुंबईसमोरचे डिंभ गुदमरले तरी दुसऱ्या साली गोव्याकडून किंवा काठेवाडाकडून आलेले डिंभ ते खडक पुन्हां भरून काढूं शकतात. कड्यावरच्या गोगलगायीनें जोखीम टाकली तशी नावहि टाकली. एका कड्यावरची वस्ती दुसऱ्या कड्यावर जात नाहीं. दोहोंमध्यें कोरडें रान असेल तर तो तिला समुद्रच. कर्नाटकांत थोड्या थोड्या अंतरावर निरनिराळ्या जाति सांपडल्या त्याचा उलगडा यांत आहे. घाटाचा रस्ता रुंद करण्यासाठीं ओल्या पाषाणाचा एखादा पट्टा सुरुंगानें उडविला, किंवा वरचा झरा नळांत घालून दुसरीकडे नेला, तर तेथें हजारों वर्षें नांदलेली वस्ती गेली ती गेली. तिच्या जागीं कोणी वाहत येऊन राहणार नाहीं. २०२५ मध्यें राजगडाची गणना जागतिक वारसास्थळांत झाली, तेव्हां तटबुरुजांची मोजदाद झाली. आणि या गडांच्या परिसरांतील ओल्या पाषाणावर कोणकोण राहतें याची मोजदादहि त्यांत भर घालण्याजोगी आहे.

नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्रास नारळ अर्पण करून होड्या पाण्यांत लोटतात. त्या दिवसांत वर सह्याद्रीचे कडे अजून वाहत असतात आणि खालीं तें झांकण घट्ट बसलेलें असतें. आश्विनांत पाऊस ओसरतो. कड्यावरचा ओलावा रेषारेषांनीं आटत जातो. गोगलगाय जवळची भेग गांठते, शंखाचें दार लावून घेते आणि पुढच्या मृगापर्यंत तशीच बसून राहते. त्याच सुमारास गोव्याच्या कांदोळी किनाऱ्यासमोर शास्त्रज्ञांची नौका ठरलेल्या जागीं थांबते. १९९७ पासून तेथें पाण्याचे नमुने घेतले जात आहेत. बाटली तळाशीं सोडतात, वर ओढतात आणि विंक्लरच्या रीतीनें तींतील प्राणवायु मोजतात. वाऱ्याची दिशा पालटून झांकण मोडेपर्यंत, म्हणजे दिवाळीच्या आगेंमागें, तो आंकडा कित्येकदां शून्याजवळच असतो.